नऊ दिवसांत झालेले संमोहनतज्ज्ञ

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले. पण इतक्या सज्जन माणसांनी मिळून मला इतकं छळल्याचं दुसरं उदाहरण नाही.

तेव्हा मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. उसाचा हंगाम चालू होता आणि ट्रॅक्टरांनी रस्ता अडवल्याच्या तक्रारी ऐकण्यात सकाळ जायची. अशाच एका सकाळी रुग्णालयातून डॉक्टरांचा फोन आला. एकोणीस वर्षांची मुलगी, चुलीवर पडून डावा हात भाजलेला.

"घरचे पाय घसरला म्हणतात," डॉक्टर म्हणाले, "पण हिला फिट येतात. चार वर्षं गोळ्या चालू होत्या, तेव्हा एकही फिट आली नाही. दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी गोळ्या बंद करायला लावल्या. कुणी, ते सांगत नाहीत."

मी हवालदार आणि महिला शिपाई यांना घेऊन गेलो. मुलगी शुद्धीवर होती, पण जबाब देण्याच्या स्थितीत नव्हती. बाप म्हणाला, पाय घसरला. भाऊ म्हणाला, पाय घसरला. एका घरातली माणसं एकच वाक्य एकाच सुरात म्हणू लागली की ते पाठ केलेलं असतं, हे नव्या शिपायालाही कळतं. शेवटी आई रडत म्हणाली, "साहेब, गुरुजींचं नाव नगा घेऊ. त्येंनी चांगल्यासाठीच केलं."

आम्ही तोवर कुणाचंच नाव घेतलं नव्हतं.

गुरुजी म्हणजे गावातले निवृत्त प्राथमिक शिक्षक. अर्धं गाव त्यांच्या हाताखाली शिकलेलं. पुढच्या खोलीत आरामखुर्ची, निळा पडदा आणि भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र: 'प्रमाणित संमोहन उपचारतज्ज्ञ'. नळदुर्गच्या एका मंगल कार्यालयात नऊ दिवसांचं प्रशिक्षण घेऊन मिळवलेलं. ते प्रशिक्षण देणाऱ्याला सगळे नुसतं 'सर' म्हणायचे.

"साहेब, मी रीतसर शिकलोय. परीक्षा दिली. पहिल्या वर्गात पास झालो."

"गोळ्या बंद करायला सरांनी सांगितलं का?"

वर्गात मुलांना उभं करणारा हा माणूस माझ्यासमोर खाली मान घालून बसला, पण सरांविरुद्ध एक शब्द बोलला नाही.

घरच्यांनी फिर्याद द्यायला साफ नकार दिला, म्हणून सरकारतर्फे गुन्हा दाखल केला. नळदुर्गला त्या सरांची पुढची तुकडी सुरूच होती. हवालदाराला साध्या कपड्यात प्रशिक्षणार्थी म्हणून बसवलं. संध्याकाळी तो परत आला.

"काय शिकवलं?"

"साहेब, डोळे मिटून पायऱ्या उतरायला लावल्या. मनातल्या मनात."

"मग?"

"मग लई चांगली झोप लागली, साहेब."

हातातलं रजिस्टर मी टेबलावर आपटलं.

सरांना चौकशीला बोलावलं. आवाज मधासारखा. बसल्या बसल्या म्हणाले, "साहेब, तुमच्या खांद्यांत फार ताण आहे. एक दीर्घ श्वास घ्या."

"श्वास मी घेतो. तुम्ही उत्तर द्या."

त्यांनी शांतपणे एक छापील कागद पुढे सरकवला. 'डॉक्टरांची औषधे कधीही बंद करू नयेत.' खाली गुरुजींची सही. कागद पक्का होता. मग मी गुरुजींच्या तुकडीतल्या लोकांना एकेक करून बोलावलं. ब्युटी पार्लरवाली, विमा एजंट, दोन शिक्षक. सगळ्यांचं एकच: "सर असं काही बोलल्याचं आठवत नाही." दुसऱ्याच्या मनात खोल दडलेलं बाहेर काढायला निघालेल्या या मंडळींना स्वतःचा तीन महिन्यांपूर्वीचा वर्ग आठवत नव्हता! प्रत्येकाला आपापल्या प्रमाणपत्राची काळजी होती.

मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, "संमोहन खोटं नाही. आम्हीही काही रुग्णांना देतो. पण आधी रोग ओळखायला शिकावं लागतं, मग जाणत्या माणसाच्या नजरेखाली बरीच वर्षं काम करावं लागतं. फिट हा मेंदूचा आजार आहे. तो ओळखायला नऊ दिवसांत कोण शिकवणार?"

माहिती उत्तम, पण पुरावा नव्हे. मी वैतागून तपासाची फाईल चाळत बसलो होतो, तेव्हा महिला शिपाई म्हणाली, "साहेब, मुलीचा जबाब राहिलाय."

खरंच राहिला होता. ती बोलण्याच्या स्थितीत येऊन आठवडा झाला होता, आणि आम्ही जिल्हाभर फिरत होतो.

महिला शिपाईच जाऊन जबाब घेऊन आली. मुलगी म्हणाली होती, "म्या गुरुजींना म्हणलं व्हतं, गोळी राहू द्या. तर म्हणले, ह्योच तुझ्या मनाचा अडथळा हाय. सरांनी सांगितलेलं वहीत लिवलंय, म्हणून वाचून दावलं."

वही! शिकवलेलं लिहून घेणार नाही तो शिक्षक कसला?

मी गुरुजींकडे गेलो आणि मुलीचा जबाब वाचून दाखवला. ते उठले, कपाटातून वही काढली. समास आखलेला, प्रत्येक दिवसाची तारीख. चौथ्या दिवसाखाली सुवाच्य अक्षरात होतं: 'गोळी म्हणजे शंका. पहिल्या आठवड्यात गोळी थांबवावी, तरच मन उघडते. (सरांचे शब्द)'.

"आणि तो सही केलेला कागद?"

"शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रासोबत दिला. वाचायला उसंतच दिली नाही." वही त्यांनी छातीशी धरली होती. "ही दिली की मी पण अडकतो ना, साहेब?"

"हो. अडकता."

ते म्हणाले, "तिला बाराखडी मी शिकवली," आणि वही माझ्या हातात दिली.

पंचांसमक्ष जप्ती झाली. गुरुजींनी वही दिल्याचं कळल्यावर बाकीच्यांच्याही वह्या निघू लागल्या, आणि तेच वाक्य, तसंच्या तसं. सरांना अटक झाली. दोषारोपपत्रात गुरुजींचं नाव दुसरं होतं. सरांना शिक्षा झाली; गुरुजींनी न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्यांना सौम्य शिक्षा मिळाली. प्रमाणपत्र त्यांनी अटकेआधीच भिंतीवरून उतरवलं होतं. मुलगी आता लोहाऱ्यात एका सेवा केंद्रावर कॉम्प्युटर चालवते. डाव्या हाताची दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. गोळ्या चालू आहेत.

लोकांना वाटतं, माझा राग त्या सरांवर असेल. आहेच. पण ज्या पोरीवर बेतलं, तिला गुरुजींनी विचारलं नाही, आईबापानं विचारलं नाही, आणि तपास अधिकारी म्हणून मीही सगळ्यात शेवटी विचारलं. त्यानंतर प्रत्येक फाईलवर माझा पहिला शेरा असायचा: जखमीचा जबाब कुठं आहे?

तिचा जबाब पानभरसुद्धा नव्हता. लिहून झाल्यावर तिनं महिला शिपायाचा हात धरून विचारलं होतं, "खरंच लिवून घेतलं न्हवं, ताई? माझ्याच शब्दांत?"