घरगुती कारण

त्या शाळेच्या पालक समितीत मी तीन वर्षं होते, आणि हे सांगताना आजही माझे कान तापतात.

भिलाईत नववीपासूनच इंजिनियरिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या ज्या खासगी शाळा आहेत, त्यांतली ती एक. हॉस्टेल नाही. मुलं सकाळी सातला जायची आणि चारला परत यायची. सेक्टर 2मधल्या आमच्या क्वार्टरसमोरच बस थांबायची. आमचे हे स्टील प्लांटमध्ये, रोलिंग मिलला. सासरे भंडाऱ्याकडचं धानाचं शेत भावाच्या हवाली करून इथे आले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी कोणी चढलेलं नव्हतं. त्यामुळे मुलीला तिथे प्रवेश मिळाला, तेव्हा त्या शाळेसाठी काय करू आणि काय नको, असं मला झालं होतं.

आणि शाळा करूनही घ्यायची. स्नेहसंमेलनाला मुलींच्या वेण्या घालायला आम्ही, क्रीडादिनाला सरबत ढवळायला आम्ही, आनंद मेळ्यात स्टॉल लावायला आम्ही. कोथिंबिरीचं सारण भरलेल्या माझ्या सांबारवड्या तासाभरात संपायच्या. प्राचार्याबाई माईकवरून म्हणायच्या, ‘‘ये स्कूल नहीं, परिवार है.’’ समोर बसलेली मी सर्वांत आधी टाळी वाजवायचे. मला ते खरंच वाटायचं.

मुलगी अकरावीत होती, त्या वर्षीच्या मेळ्यात एक बाई माझ्या स्टॉलपाशी आली. भिलाईजवळच्या अहिवाऱ्याची होती. तिचा नवरा चुनखडीच्या खाणीवर गाडी चालवायचा आणि मुलगा आमच्याच शाळेत बारावीला होता. तिने वड्यांची प्लेट घेतली, पण खाल्लं काही नाही. गर्दी थोडी कमी झाल्यावर हळूच म्हणाली, ‘‘दीदी, आप समिती में हो. मैडम से एक बार बोल दो ना.’’

तिच्या मुलाला कमी मार्क पडले होते. बोर्डाच्या परीक्षेआधीच त्याचा दाखला काढून न्या आणि फॉर्म बाहेरून भरा, असं शाळेने तिला सांगितलं होतं.

मी काय म्हणाले, ते मला शब्दन् शब्द आठवतं. कढईतल्या वड्या उलटत, तिच्याकडे नीट न बघता मी म्हणाले, ‘‘मैडम ने सोच-समझकर ही कहा होगा. बच्चे के भले के लिए.’’

 भरलेली प्लेट टेबलावर ठेवून ती निघून गेली. मी ती प्लेट उचलून पुढच्या गिऱ्हाइकाला दिली.

पुढच्या वर्षी, दिवाळीआधीच्या परीक्षेत माझी मुलगी फिजिक्समध्ये नापास झाली. बाकी विषय बरे होते. तिसऱ्या दिवशी शाळेतून फोन आला. मला वाटलं, स्नेहसंमेलनाचं काही काम असेल.

प्राचार्याबाईंनी मला बसवलं, चहा मागवला. मग म्हणाल्या की शाळेचा निकाल शंभर टक्के लागायला हवा, नाहीतर पुढच्या वर्षी चांगली मुलं येणार नाहीत. मी समितीतलीच आहे, मी समजून घेईन. मुलीचा दाखला घेऊन जावा, फॉर्म बाहेरून भरता येतो, त्यात काही कमीपणा नाही. शेजारी उभ्या असलेल्या क्लार्कने माझ्यापुढे कोरा कागद आणि पेन ठेवलं. बाई सांगू लागल्या आणि मी लिहू लागले. हो, मी लिहू लागले. तीन वर्षं त्या सांगायच्या तसं करायची सवयच लागली होती हाताला.

‘‘हम घरेलू कारण से,’’ त्या म्हणाल्या. मी लिहिलं.

‘‘अपनी इच्छा से,’’ त्या म्हणाल्या, आणि माझा हात थांबला.

‘‘मैडम, हमारे घर में तो कोई कारण नहीं है.’’

‘‘अरे, वो तो बस लिखने के लिए होता है.’’

‘‘और इच्छा किसकी है?’’

त्यांनी क्लार्ककडे पाहिलं. क्लार्कने खिडकीकडे पाहिलं. मी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि उठले. पाठीमागून आवाज आला, ‘‘कल तक दे दीजिएगा.’’ चहा तसाच राहिला.

ह्यांची पहिली पाळी होती, दुपारी घरी आले. सगळं ऐकून आधी माझ्यावरच चिडले. ‘‘कावून लिहून नाई दिलं? ते मोठे लोकं हायेत. त्यायच्याशी वाद घालून काय भेटते?’’

मुलगी एवढ्यात शाळेतून येऊन दारात उभी होती, बॅगसुद्धा उतरवली नव्हती. ‘‘मतलब, मी उद्यापासून जायचंच नाई? मी काय चोरी केली का?’’ आणि मग म्हणाली, ‘‘आमच्या क्लासमधल्या पाच-सहा जणायले हेच सांगून राहिले, आई. सगळ्यायच्याच घरी घरेलू कारण निघालं.’’

ह्यांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि वाचला. पुन्हा वाचला. भट्टीतून आलेल्या लालभडक लोखंडापुढे दिवस काढणारा शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज फाटला. ‘‘माह्या घरात काय कारण हाय? दारू पिऊन मारतो का मी? पोरीले शिकू देत नाई का? यायनं माह्या घराचं नाव कावून घेतलं?’’

कागद कोणी द्यायला जायचा, हा प्रश्न तिथेच संपला.

मी समितीच्या ग्रुपवर सगळं लिहिलं. आपण मिळून जाऊन विचारू, म्हटलं. सगळ्यांनी वाचलं, उत्तर एकीनेही दिलं नाही. वर्षानुवर्षं माझ्याकडे हळदीकुंकवाला येणाऱ्या एका वहिनींचा मात्र फोन आला. ‘‘वैनी, तो मेसेज डिलीट करा बापा. माही पोरगी टॉप बॅचमधे हाय. उगाच तिच्यावर राग निघन त्यायचा.’’ मी फोन ठेवला. रागाने मला रडू येत होतं, आणि रडताना लक्षात आलं की हेच, अगदी हेच मी मेळ्यात केलं होतं. फक्त माझी भाषा जरा गोड होती.

रविवारी आम्ही दोघं मोटरसायकलवर अहिवाऱ्याला गेलो. घराचा पत्ता बसच्या ड्रायव्हरकडून मिळाला. त्या बाईने मला पाहताच ओळखलं. मला वाटलं, आता दोन शब्द ऐकवेल. तिने पाणी दिलं, पंखा आमच्याकडे वळवला. मी म्हटलं, त्या दिवशी मी चुकले. ती म्हणाली, ‘‘आप अकेली थोड़ी थीं, दीदी. सबने यही कहा.’’

मुलाने बाहेरून फॉर्म भरला का, म्हणून मी विचारलं. तिने मान हलवली. ‘‘नहीं भरा. बोला, स्कूल ने ही बोल दिया कि मैं पास नहीं होऊँगा, तो अब क्या भरना.’’ तो मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात लागला होता. चार वर्षं पहाटे उठून बस पकडणारा पोरगा.

शाळेत दिलेल्या अर्जाचा फोटो तिने फोनमध्ये जपून ठेवला होता. मी माझी घडी उलगडली. ‘हम घरेलू कारण से.’ तिच्या अर्जातही तेच. फक्त तिचा अर्ज पुरा होता, खाली अंगठ्याशेजारी वाकडीतिकडी सही होती.

‘‘चलिए,’’ ती म्हणाली, ‘‘कहाँ चलना है?’’

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दुर्गला शिक्षण कार्यालयात गेलो. दोन तास बाकावर बसलो. आत एक अधिकारी बाई होत्या. त्यांनी दोन्ही अर्ज शेजारी-शेजारी ठेवले, चष्मा वर केला आणि विचारलं, ‘‘दोघींच्या घरी एकच कारण?’’ त्याही मराठी निघाल्या. कमी मार्कांसाठी बारावीच्या नियमित विद्यार्थ्याला असं घालवता येत नाही, हे त्यांनी आम्हाला सांगितलं आणि मग आमच्यासमोरच शाळेला फोन लावून तेच सांगितलं.

मंगळवारी सकाळी शाळेतून मला बोलावणं आलं. प्राचार्याबाई दारापर्यंत सामोऱ्या आल्या. गैरसमज झाला, म्हणाल्या. तुम्ही तर आमच्या परिवारातल्या.

‘‘और अहिवारा वाला लड़का?’’ मी विचारलं.

त्यांनी फाईल काढली, उघडली, माझ्यापुढे सरकवली. ‘‘उन्होंने तो खुद लिखकर दिया है. अपनी इच्छा से.’’

इतक्या वर्षांत मी कोणावर हात उगारावा असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या क्षणी वाटलं. ज्या बाईला सही करायलासुद्धा मुलाने शिकवलं होतं, तिची इच्छा त्या फाईलमध्ये पंचिंग करून लावली होती. मी तिथेच समितीचा राजीनामा लिहिला आणि कारण खरं लिहिलं. तो कागद त्या फाईलमध्ये लागला की नाही, मला माहीत नाही. समितीतल्या कोणी मला काही विचारलं नाही.

मुलगी राहिली. तिच्यासोबतचे आणखी तिघं राहिले. दोघांच्या घरच्यांनी तोवर लिहून दिलं होतं. राहिलेल्यांना मागच्या बाकांवर बसवलं. निरोपसमारंभाच्या फोटोला त्यांना बोलावलंच नाही. फिजिक्सचे सर तेवढे मधल्या सुट्टीत, दार लोटून घेऊन, त्यांना शिकवायचे. दार लोटून, हे लक्षात घ्या. शाळेत शिकवायला मास्तरला दार लोटावं लागत होतं.

ती पास झाली, साध्या मार्कांनी. आता दुर्गला बी.एस्सी. करते. गेल्या दिवाळीच्या सुमारास तिने आपल्या सगळ्या वह्या अहिवाऱ्याला नेऊन दिल्या आणि त्या मुलाच्या मागे लागून त्याला फॉर्म भरायला लावला. त्याचा निकाल अजून यायचा आहे.

परवा दुपारी जेवताना ती मला म्हणाली, ‘‘आई, एक सांगशील? मले फिजिक्समधे चांगले मार्क असते, तर तू अहिवाऱ्याले गेली असती का?’’

हे ताटावरून माझ्याकडे बघू लागले. मला खोटं बोलावंसं फार वाटलं.

‘‘नसती गेली,’’ मी म्हटलं.

 तिने वरणाचं भांडं माझ्याकडे सरकवलं आणि जेवत राहिली.