अभिषेकाचा टँकर

ज्या देवासाठी मी मित्राशी वैर घेतलं, तो देव तरी माझ्या बाजूने होता का? सिद्धार्थ वारल्याचं कळलं आणि या शंकेने मला पुरतं घेरलं. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. तो चितेगावचा, बौद्ध घरातला, देव न मानणारा. मी एकही सोमवार न चुकवणारा. पुढे तो सरकारी नोकरीत लागला आणि दुष्काळात टँकर वाटपाचं काम त्याच्याकडे आलं.

हर्सूलच्या बाजूला तेव्हा एकामागून एक कॉलनी उठत होती आणि तलाव मात्र भेगाळला होता. आमच्या महादेवाच्या पिंडीवरची धार तुटू नये म्हणून मंदिर समितीने खटपट करून टँकर मिळवला होता. सिद्धार्थने तो सरळ मंदिरामागच्या वस्तीकडे वळवला. मी तणतणत त्याच्या कचेरीत गेलो.

"देवाचं पाणी तोडतोस?"

"तुझा देव तहानेनं मरत नाय गड्या," तो म्हणाला. "तिथं लेकरं पाण्यावाचून तळमळायलीत."

समितीचा सचिव म्हणून तक्रार मीच लिहिली, चांगली झणझणीत. त्याची बदली झाली. जिथे गेला तिथे तो तसाच वागला आणि बदल्या झेलतच निवृत्त झाला. माफी मागायची माझी छाती झाली नाही.

तो गेल्यानंतरच्या सोमवारी मी गाभाऱ्यात बसलो होतो. मंत्र आठवेना. तेवढ्यात वस्तीतली एक अनोळखी बाई तांब्या घेऊन आली.

"टँकरवाले सायब गेले म्हणं," ती आपणहून बोलली. "माजी लेक त्या साली तापानं फणफणली व्हती. सायबाच्या पाण्यावर तगली. त्यांच्या नावानं घोटभर घालते देवाला."

तिने पाणी घातलं, हात जोडले आणि गेली. मी ढसाढसा रडलो. कुणी योगायोग म्हणेल, खुशाल म्हणो. मला माझं उत्तर मिळालं होतं, आणि त्या बाईचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

तेव्हापासून टंचाई लागली की पिंडीवरचं अभिषेकपात्र मी स्वतः उतरवतो आणि मंदिराच्या टाकीचा नळ वस्तीला खुला करतो. पुजारी कुरकुरतात, समिती चिडते. शरण जायचं ते महादेवाला, समितीला नव्हे, एवढं मला उशिरा का होईना कळलं. परवा नवे सचिव म्हणाले, "तुमची वर तक्रार करावी लागेल." मी कोरा कागद आणि पेन त्यांच्यापुढे ठेवलं.

"लिहा. कुठे अडलात तर मला विचारा. अशी तक्रार मी एकदा लिहिली आहे."