भिमाजीची मूठ

बोरी बुद्रुकच्या साळुबाईला साप-विंचवाची भीती नव्हती. बिबट्याचं नाव काढलं तर म्हणायची, "त्याला त्याचं पोट हाय, आपल्याला आपलं." ती भ्यायची फक्त घरामागच्या बिनकठड्याच्या विहिरीला. नवरा भिमाजी दर वर्षी कठडा बांधू म्हणायचा आणि दर वर्षी ते राहून जायचं. नेमकी विहिरीलगतच तिची मेथी-कोथिंबिरीची परसबाग. कडेची माती तर येता-जाता तुडवून पार दगड झालेली.

बैल विकल्यापासून ती जागा कुदळीनं खणून तिची कंबर गेली, तेव्हा कुठं दोघं पॉवर विडर, म्हणजे मागून धरून चालवायचं माती उकरायचं मशिन, घ्यायला आळेफाट्याला गेली. दुकानातल्या आदेशनं दोन मशिनं दाखवली. "मावशी, ह्याची पाती चाकांच्याच दिशेनं फिरत्यात. भुसभुशीत मातीला लई झकास. पण कडक जमिनीत पाती रुतत न्हाईत, मग मशिनच पुढं उधळतं. ह्या दुसऱ्याची पाती उलटी फिरत्यात. चाकं पुढं नेत्यात, पाती मागं धरत्यात. सावकाश चालतं, पण कडक माती बी खोल उकरतं."

"आमची विहिरीकडची जागा कडक हाय," साळुबाई पटकन म्हणाली.

भिमाजी हसला. "उलटं फिरणारं औत कुणी बघितलंय का? अगं, आयुष्यभर उधळे बैल हाकलेत मी. ह्याला काय भ्यायचं?"

झालं! पहिलंच मशिन घ्यायचं ठरलं. आदेशनं बजावलं, "काका, मुठीतला लिव्हर दाबला की चालतं, सोडला की थांबतं. एवढं ध्यानात ठेवा." भिमाजीनं मान हलवली. ऐकून न घेता हलवलेली ती मान साळुबाईच्या चांगली ओळखीची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाकरी थापत होती. वाफ्यातून मशिन गरीब गाईसारखं चाललेलं ऐकू येत होतं. मग आवाज बदलला. खडखड, खडखड. ती पिठाच्या हातांनी बाहेर धावली, तर पाती कडक मातीवर नाचतायत, मशिन उड्या मारत थेट विहिरीकडं निघालंय आणि भिमाजी मागं फरफटतोय!

"सोडा! अवो, सोडा!"

इंजिनापुढं तिचा आवाज कसला पोचतोय! बैल उधळला की कासरा जास्तच आवळायचा, त्या हातांना एवढंच ठाऊक. म्हातारा मागं रेलून, बैलाला थोपवावं तसं "हो, हो" करत होता. लिव्हर सुटेना आणि मशिन थांबेना.

साळुबाईला समोर विहीर दिसत होती. तरी ती धावली आणि तिनं मागून त्याचा सदरा धरला. आता तीही ओढली जायला लागली. मशिनच्या पुढं तिला खालचं काळं पाणी दिसलं. आई गं! त्याच्या कानाशी तोंड नेऊन ती ओरडली, आणि तोंडून निघाली ती बैल होते तेव्हा रोज दुपारी बांधावरून घालायची तीच हाक.

"औत सोडा, भाकर आणलीया!"

भिमाजीचे हात आपसूक उघडले. मशिन काठावरच थांबलं. एक ढेकूळ तेवढं सुटून पाण्यात पडलं.

दोघं तिथंच मातीत बसली. भिमाजीनं विचारलं, "भाकर कुठाय?"

तिला रडूच फुटलं. त्याच्या पाठीत दोन धपाटे घालत ती म्हणाली, "तव्यावर करपली!"

"उद्या ते उलटं फिरणारं आणू," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"आधी कठडा."

भिमाजी उठला. तो बांधावरचे दगड विहिरीकडं आणायला लागला.