काखेतलं लिंबू

दिवाणखान्याच्या मधोमध ताणलेली पांढरी चादर, तिला पाडलेली एक चीर, आणि त्या चिरेतून बाहेर आलेला कुणाचा तरी उघडा हात... मद्रासमधल्या मैलापूरच्या आमच्या घरातल्या रविवारच्या दुपारी आठवल्या की आधी हेच दिसतं. मग वास येतात — सांबारात शिजलेल्या शेवग्याचा, कॉफीच्या डिकॉक्शनचा, आणि चादरीसमोर पाटावर बसलेल्या तातांच्या अंगाचा, ज्यात सुंठ आणि तिळाचं तेल एकजीव झालेलं असे.

ताता म्हणजे माझे आजोबा. तंजावरहून आलेल्या आमच्या मराठी घराण्यातले शेवटचे नाडीवैद्य. मला मांडीवर घेऊन ते माझ्या मनगटावर तीन बोटं टेकवत आणि डोळे मिटून म्हणत, "हा बघ साप चालला... हा बेडूक उडाला... आणि हा हंस." वात, पित्त, कफ यांच्या त्या चाली मला खरोखर दिसत.

इंग्रजी अमलात, ऐन तारुण्यात, एका मोठ्या इस्पितळातल्या गोऱ्या डॉक्टरने त्यांना विद्यार्थ्यांदेखत असंच पडद्यासमोर बसवलं होतं. नाडी सकाळी, रिकाम्या पोटी पाहायची असते, असं ते सांगू लागले तेव्हा साहेब हसला, आणि साहेब हसला म्हणून आपलेच विद्यार्थी हसले. हे दुःख तातांनी फक्त आपल्या मुलाला सांगितलं. मुलाने — माझ्या अप्पांनी — त्याचा खेळ केला. अप्पा केंद्र सरकारच्या कचेरीत होते. तिथले मित्र रविवारी जेवायला आले की पानं उचलल्याबरोबर चादर ताणली जाई.

"काय वैद्यर, किती अप्पळम खाल्ले ते सांगतो का हा हात?" हातात उरलेला पापड मोडत एखादा पाहुणा विचारी.

"जेवणावर नाडी बोलत नाही, बाबा."

"बघा! साहेबालाही हेच सांगितलं होतं यांनी!" अप्पा टाळी घेत.

तरीही ताता तो हात धरत. मुलाच्या घरचं अन्न खात होते ना.

एका रविवारी अप्पांनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि माझ्या काखेत एक लिंबू ठेवलं. "घट्ट दाबलंस की मनगटातली नाडी थांबते. गंमत बघ." अप्पांनी मला आपल्या बाजूला घेतलं, याचाच मला केवढा आनंद! चिरेतून मी हात बाहेर काढला. तातांची बोटं टेकली, आणि त्यांनी मला ओळखल्याचं मला कळलं. अंगठ्याने त्यांनी माझा तळवा हळूच कुरवाळला. मग मी लिंबू दाबलं.

बोटं थबकली. जराशी वर सरकली, खाली आली, रुतली...

"लेकरू चाललं रे!"

चादर ओरबाडून ताता माझ्यावर कोसळले. माझं डोकं छातीशी धरून, सुटलेल्या धोतरानिशी, "सुंठ आणा, पाणी आणा" असं ओरडत राहिले. पाहुणे पोट धरून हसत होते. तातांच्या मिठीत माझा दंड सैल झाला आणि लिंबू फरशीवर घरंगळलं. ते त्यांनी पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि मी हसलो — अप्पा माझ्याकडे बघत होते म्हणून.

"अय्यो, वैद्यरनी मेलेला उठवला!" कुणीतरी म्हणालं.

त्यानंतर तातांनी कुणाचीच नाडी पाहिली नाही. दारी आलेल्यांना ते कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे पाठवत. मला ताप भरला तेव्हा आईने सकाळी, उपाशीपोटी मला त्यांच्यापुढे नेऊन बसवलं. त्यांनी दोन्ही हात उपरण्याखाली घेतले. "मला येत नाही, सूनबाई," म्हणाले. जाईपर्यंत ते मला मायेने हाक मारत राहिले. हात मात्र धरला नाही.

आता अप्पा फार थकलेत. पेरुंगुडीला माझ्याच फ्लॅटमध्ये असतात. परवा माझे ऑफिसातले सहकारी आले आणि आयुर्वेदाची गोष्ट निघाली — हल्ली ती सगळीकडेच निघते. अप्पा खुर्चीत सावरून बसले.

"माझे वडील नाडीवैद्य होते. नुसत्या तीन बोटांवर माणूस वाचायचे," ते म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. "इंग्रजांनी घालवलं हो सगळं... नाही का रे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो, अप्पा," मी म्हणालो.