वादळाचं पान

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की मला गडचांदूरच्या आमच्या बुद्धविहारातली, पावसाळ्यातल्या वर्षावासाची एक संध्याकाळ आठवते. बाहेर झाडांवरची सिमेंट कारखान्याची धूळ पावसात धुतली जात होती, आत धम्मग्रंथाचं रोजचं वाचन आटोपलं होतं, आणि वाचन करणाऱ्या शिक्षिकाबाईंनी पिशवीतून एका खलाशाच्या आठवणींचं पुस्तक काढलं. वस्तीतली एक मुलगी जहाजावरच्या प्रशिक्षणासाठी निवडली गेली होती आणि तिची आई तिला जाऊ द्यायला तयार नव्हती; बाई त्या आईसाठीच आठवडाभर ते पुस्तक वाचत होत्या. खारट वाऱ्यात वाळणारे कपडे, शेगडीला बांधून ठेवलेली भांडी, कित्येक दिवस न दिसणारी जमीन. त्या संध्याकाळी वादळाने एका सोबत्याला ओढून नेल्याचं पान आलं. विहाराच्या कमिटीतले एक भाऊ म्हणाले, ‘बाई, हे सोडून द्या ना. काऊन भेव दाखवून राह्यल्या तिले?’ बायांना काय झेपेल हे ठरवायला असा एक भाऊ आपल्याकडे कायम हजर! बाई म्हणाल्या, ‘विहारात पान गाळून वाचत नाई, भाऊ,’ आणि शांतपणे सगळं वाचलं. आई पदर तोंडाशी धरून ऐकत होती. मग म्हणाली, ‘सारे मले गोडगोडच सांगून राह्यले होते, म्हणून तं भेव वाटे. आता मालूम झालं. जाऊ द्या पोरीले.’ समुद्रावरचं काय वाचू, असं आज कोणी विचारलं की मी तेच पुस्तक सांगतो. पण त्या बाईंसारखं वाचणारं कोणी भेटलं, तर आधी त्यांच्यापुढे जाऊन बसा, असंही सांगतो.