दारातून परत गेलेल्या पाट्या

शेजारच्या गच्चीवर कोणी तरी रतांब्याची सालं वाळत घातली आहेत. दुपारचं ऊन चढलं की तो आंबटखारट, किंचित तुरट दर्प बेळगावातल्या आमच्या घरात शिरतो, आणि मला आव्वा आठवते. आव्वा म्हणजे माझी सासू. सारं सुपं गाव तिला आव्वाच म्हणायचं. ते सुपं आता धरणाच्या पाण्याखाली आहे. पेठ, घर, अंगण, काही उरलेलं नाही.

स्वातंत्र्याच्या दुसऱ्या वर्षी सासरे हिवतापानं गेले. पदरात तीन मुलं, जमीन बेताची. दिग्गीकडच्या रानातल्या बायका आमसुलं, मध, शिकेकाई पाटीत घालून दोन दोन दिवस चालत पेठेत यायच्या आणि व्यापारी देईल ते घेऊन मुकाट्यानं परत जायच्या. आव्वानं घरातली तागडी पडवीत टांगली आणि त्यांचा माल स्वतः घ्यायला सुरुवात केली. तो बैलगाडीत घालून लोंढ्याला न्यायची, माघात उळवीच्या जत्रेत पाल ठोकून बसायची. आमसूल मुठीत दाबून नाकाशी नेलं की त्याला रसाची पुटं किती दिली आहेत ते तिला कळे. रानातल्या बायका आल्या की आधी त्यांना गरम भात आणि आमटी, पाय पसरायला चटई, आणि मग वजन. त्याच धंद्यावर तिनं दोन मुलींची लग्नं केली, मुलाला बेळगावला ठेवून शिकवलं. तो शिकलेला मुलगा म्हणजे आमचे हे. मी सातवी झालेली, खानापूरकडची. लग्न होऊन आले तेव्हा सासूच्या हाताला आमसुलाचा लाल डाग बघून मला नवल वाटलं होतं. तो डाग कधीच गेला नाही.

पुढं हे शाळेत मुख्याध्यापक झाले. त्याच वर्षी चैत्रात एका हळदीकुंकवाला कोणी तरी हसत म्हणालं, "हेडमास्तरांच्या आई अजून तागडी घेऊन बसतात होय?" बायका हसल्या. मीही हसले, पण घरी आल्यावर पडवीतल्या तागडीकडं बघायचं टाळलं. आव्वाचं वय साठीच्या पुढं गेलेलं, गुडघे धरलेले. तिला आता विसावा द्यायला हवा, असं मी मनाशी ठरवलं. विसावा हा शब्द किती सोयीचा असतो! त्याच्या आड आपली लाज बेमालूम लपते.

वैशाख सरता सरता दिग्गीच्या बायका आल्या. सहाजणी होत्या. आव्वा मागं विहिरीवर होती. मी दारातच उभी राहिले आणि म्हटलं, "आव्वानं धंदा बंद केला. आता माल घेत नाही ती." त्यांनी डोक्यावरच्या पाट्या खालीसुद्धा ठेवल्या नव्हत्या. त्यांच्यातली सर्वांत थोरली म्हणाली, "बरं गे. आव्वाला नुसतं बघून जातो." मी म्हटलं, "झोपलीय ती." त्या वळल्या. कोणी पाणीसुद्धा मागितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्यानंतर आव्वा रोज पडवीत बसून वाटेकडं बघायची. "अजून कशा आल्या न्हाईत? पाऊस लागला तर सालं कुजतील त्यांची." मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाला दिली असतील." "छे, त्या तशातल्या न्हाईत," ती म्हणाली. आठवड्यानं मात्र तिचा आवाज उतरला. "माझंच काय तरी चुकलं असंल बघ. बोलता बोलता कुणाचं मन दुखवलं असंल मी." मृग लागला त्या दिवशी तिनं तागडी काढली, जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि माळ्यावर ठेवायला माझ्याच हातात दिली. मी ती ठेवली.

माघात आम्ही उळवीला गेलो, या खेपेला नुसतं देवाला. देवळातून बाहेर येतो तर समोर तीच थोरली बाई. मी आव्वाच्या मागं सरकले. तिनं आव्वाचे हात धरले, डोळे भरून आले तिचे. "आव्वा, दारातून परत लावलंस गे आम्हांला. आमचं काय चुकलं?"

आव्वानं एकदाच माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे. चुकार धाग्याचं टोक हाताला लागल्यावर माणूस पाहतं, तसं. मग त्या बाईकडं वळून म्हणाली, "व्हय, मीच सांगितलेलं. अंगात बळ न्हाई बघ आता. तोंडानं सांगायला जड गेलं, म्हणून सुनेला सांगाय लावलं. तुमचं काय बी चुकलं न्हाई." पंधरा वर्षांची आपली पत तिनं माझ्यासाठी अशी उभ्या उभ्या देऊन टाकली. परतताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "दमलीस काय? गप का हाईस?" मी मान हलवली. तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं.

त्यानंतर ती तीन वर्षं जगली. तिचे पाय चेपताना शब्द रोज ओठांवर येत आणि रोज मी दुसरंच काही बोलत असे. सदुसष्ट सालच्या श्रावणात ती गेली. पाऊस ओसरल्यावर ह्यांना घेऊन मी दिग्गीला गेले. त्या बाईच्या अंगणात बसून सगळं सांगितलं. आव्वा विहिरीवर होती, खोटं मी बोलले, तिला ठाऊकही नव्हतं. ती बाई सुपातलं भात निवडत होती. मग हात थांबवून तिनं विचारलं, "जाताना लई तरास झाला काय गे तिला?"

मी ओझं उतरवायला गेले होते. तिला मात्र आव्वाची खबर हवी होती. ती मी दिली, आणि आम्ही दोघी रडलो. क्षमा तिनं केली नाही, दोषही दिला नाही. तिच्या लेखी तो विषयच नव्हता.

आता मी आव्वाच्या त्या वेळच्या वयाच्याही पुढं गेले आहे. माझी सून गुणी आहे. "तुम्ही बसा आई, मी बघते," असं प्रेमानं म्हणते आणि दार उघडायला स्वतः जाते. मी बसते. बाहेर कुणाशी तरी तिचं बोलणं होतं, दार लागतं, ती आत येते. कोण होतं, हे विचारायला मला अजून धीर होत नाही.