भिंतीबाहेरचं पान

पाक फनांगच्या खाडीकाठी लामोमसारखी जाळी कोणालाच जमत नसे. करवंटीला पाडलेली सुईच्या टोकाएवढी भोकं, त्यांतून तांदळाच्या पिठाची धार तापल्या कढईवर गोल गोल फिरवायची, की केसासारख्या धाग्यांची जाळी उतरते. चांद्र वर्षाच्या दहाव्या महिन्यात पितर घरी येतात. त्यांतल्या काहींचं तोंड पापामुळे सुईच्या नेढ्याएवढं झालेलं असतं, त्यांच्या घशाखाली उतरावा म्हणून हा नाजूक खाऊ. शेजारणींचे जाड धागे बघून लामोम म्हणायची, "ह्याने पितर जेवणार नाहीत, गळफास घेतील." जीभ अशी, पण हाताला चव होती, म्हणून लोक ऐकून घेत.

तिचा एकुलता एक मुलगा थनोम एकोणीस वर्षांपूर्वी मासेमारीच्या बोटीवर गेला. तो आला नाही, बोटही आली नाही. हाड नाही, खबर नाही. लामोमने मनाशी गाठ मारली, मेलेल्यांच्या कागदावर त्याचं नाव घालायचं नाही. जिवंत माणसाचं नाव तिथे गेलं तर तो खरंच जातो, असं तिकडे मानतात.

त्यामुळे तिचं वर्ष चारचौघांपेक्षा वेगळं चाले. एप्रिलमध्ये सोंगक्रानला, म्हणजे नववर्षाच्या सणाला, घरोघरचे लोक पितरांची नावं लिहून कागद भंतेंपुढे जाळत. हिच्या कागदावर आई, बाप आणि नवरा, बस. मग शेजारच्या सुना येऊन तिच्या तळव्यांवर सुगंधी पाणी ओतत, आशीर्वाद घेत, आणि एक वाटी ती कोणालाच ओतू देत नसे. ती थनोमची. पावसाळ्यात भंते विहारात मुक्काम धरत तेव्हा ती त्याच्या आयुष्यासाठी मेणबत्ती देई. बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला सगळं गाव केळीच्या सोपटांचे द्रोण दिवे लावून पाण्यात सोडे, ही मात्र हात बांधून उभी. "पाण्याला एकदा दिलंय," म्हणे. मग तो जिवंत कसा, हे तिला विचारायची कोणाची छाती होत नसे.

आणि दहाव्या महिन्यात ती एक पान विहाराच्या भिंतीबाहेर, ताडाखाली ठेवी. ज्यांचं नाव घ्यायला कोणी उरलं नाही, अशा बेवारस भुतांसाठी सगळेच तिथे काहीबाही ठेवतात, उरलंसुरलं, मोडकंतोडकं. लामोम मात्र सगळ्यांत सुंदर जाळी तिथे ठेवायची. का, ते तिची धाकटी बहीण प्रयोंग बरोबर ओळखून होती. एकोणीस वर्षं ती गप्प बसली. यंदा पितरांना निरोप द्यायच्या दिवशी तिला राहवलं नाही.

"ताई, तो जिवंत असेल तर नाव घेतल्याने मरायचा नाही. ह्यावर माझा विश्वास नाहीच. पण गेला असेल तर? आत ज्याचं नाव घेतात तोच जेवतो. बेवारशांच्या गर्दीत उभा असेल गं. आणि आई दरवर्षी समोरून आत जाते."

लामोम उत्तर द्यायला वळली. भर दुपार, वाऱ्याचं नाव नाही. ताडाखालच्या पानावर जाळीचा एक धागा हलत होता, कोणीतरी बोटाने उचलून बघावा तसा. मग दुसरा. प्रयोंगनेही ते पाहिलं, आणि आपण बोललो ते उगाच बोललो असं तिला वाटलं.

लामोमने पान उचललं, आत नेलं, कागद मागून घेतला. "थनोम," तिने भंतेंना सांगितलं. "माझा मुलगा." कागद जळाला. मंत्र संपताना प्रत्येकाने लहानशा चंबूतून जमिनीवर पाणी सोडलं आणि आपापल्या माणसांना सांगितलं, आता जा, पुढच्या वर्षी या. हे सांगावंच लागतं. बोलावलेल्याला परत पाठवलं नाही तर तो घरातच राहतो, आणि घरातल्यांनाच खातो.

लामोमने चंबू आडवा केला नाही. विसरली असेल, असं प्रयोंगने स्वतःला समजावलं. तिच्या बहिणीला विसरणं ठाऊक नव्हतं.

त्यानंतर लामोम बाजारात दिसेना. लोक म्हणाले, सण सरला तरी तिच्या घरातून तळणाचा वास येतो, आणि ती कोणाशीतरी बोलत असते, हसतेसुद्धा. महिन्याने प्रयोंग गेली. लामोम सुक्या बोंबलासारखी झाली होती, गालफडं आत गेलेली, मनगटावर कातडी तेवढी. दोन ताटं मांडलेली. तिच्या ताटातला भात वाळून खडखडीत झाला होता. समोरचं ताट रिकामं, आणि त्यात ती नवी जाळी वाढत होती.

प्रयोंगने हात जोडले. "ताई, पाठव त्याला. तुझ्या पाया पडते. तू मरशील."

लामोमने करवंटी खाली ठेवली नाही. आवाज चढवलाही नाही, झोपलेल्याला जाग येऊ नये म्हणून आपण बोलतो तशी बोलली.

"एकोणीस वर्षं उभा होता गं. आत्ता कुठे बसलाय."